जास्तच जुळलेली दोन घड्याळं

आमच्या इमारतीत त्याला सगळे शंकासुर म्हणायचे. तोंडावर म्हणायची छाती फक्त दोघांची होती. एक त्याची बायको आणि दुसरा, पारा चढलेला असला तर, मी. मी तिथला एसी मेकॅनिक. माझा पारा वर्षातून दहा-बारा वेळा तरी चढायचा आणि दर वेळी त्याला कारण हाच माणूस. त्याच्या ताब्यात पाच घड्याळं होती. त्यातल्या एकाने जरा पाऊल वेडंवाकडं टाकलं की पहिला आरोपी मी.

घड्याळं म्हणजे भिंतीवरची काटेवाली नव्हेत. अणुघड्याळं. प्रवासी बॅगेएवढे करडे डबे, रॅकवर ओळीने मांडलेले. त्यांच्या पोटात सिझियम नावाच्या धातूचे अणू असतात. त्या अणूंचा एक ठरलेला ठेका असतो, तो मोजून सेकंद बनवतात. रेल्वे, टेलिफोन, वीज, रेडिओ, सगळ्यांची वेळ शेवटी आमच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीशी येऊन जुळायची. पाच घड्याळं एकमेकांपासून किती सरकली ते दर तासाला मोजायचं, तेही नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात. शंकासुराने मला एकदा समजावलं होतं, की माणसाची पापणी एकदा लवेपर्यंत दहा-वीस कोटी नॅनोसेकंद निघून जातात. मी म्हटलं, तुम्ही माझ्याकडे कायम डोळे वटारून का बघता ते आज कळलं.

तो हसला नाही. हसण्यातही त्याला काहीतरी काळंबेरं वाटायचं.

खोलीचे नियम कडक होते. तापमान तेवीस अंश, त्यात एक दशांशाचाही फरक चालायचा नाही, आणि ते सांभाळणं माझं काम. दार दुहेरी; एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. लोखंडी पाने बाहेर ठेवायचे, कारण चुंबक जवळ आला की घड्याळ बिथरतं. म्हणून मला पितळी पान्यांचा वेगळा संच दिलेला होता. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे घड्याळाला हात लावायचा नाही. चुकतंय म्हणून कोणी त्याला सुधारायला जायचं नाही. किती चुकतंय तेवढं लिहून ठेवायचं. "चुकू दे की," तो म्हणायचा, "पण कसं चुकतं ते मला माहीत पाहिजे. चुकणारा परवडला, गुपचूप सुधारणारा नको."

दाराशी एक नोंदवही असायची. कोण आत गेलं, किती वाजता, किती मिनिटं, कशासाठी. त्या वहीत खाडाखोड नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर काय ते लिहायचं आणि खाली सही. अठ्ठावीस वर्षं त्याने ती वही सांभाळली. मी शिंकलो तरी लिहील असा माणूस.

घरीही तोच प्रकार. वहिनी, म्हणजे त्याची बायको, सांगायच्या, मुलीला शाळेत गणितात ब्याण्णव मार्क पडले तेव्हा सगळं घर खूश होतं. ह्याला वाटलं, हिला एवढे कसे? गेला शाळेत, पेपर काढायला लावला, स्वतः बेरीज केली. बेरजेत तीन मार्क जास्त धरले होते. एकोणनव्वद झाले. मुलगी महिनाभर बापाशी बोलली नाही, आणि बाप म्हणाला, न बोलली तरी चालेल, पण एकोणनव्वद खरे आहेत. आता अशा माणसाला काय म्हणावं? मी तर त्या दिवसापासून त्याला घरगुती प्रश्न विचारायचाच नाही असा कानाला खडा लावला.

पाच घड्याळांत त्याचं लाडकं होतं चार नंबर. वयाने सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत उनाड. बाकीच्यांच्या मानाने दर महिन्याला चाळीसेक नॅनोसेकंद ते पुढे पळायचं. पण पळायचं ते एका चालीने. "उनाड आहे, पण लबाड नाही," असं तो त्याच्याबद्दल सांगायचा. पोटच्या पोराबद्दल इतकं मऊ बोललेलं मी त्याला कधी ऐकलं नाही.

चार वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर एक बाई आल्या. वयाने लहान, शिकलेल्या भरपूर, नोकरी मात्र कराराची. दर वर्षी कागद नवा व्हायचा. त्या एक नव्या तऱ्हेचं घड्याळ बांधत होत्या. त्यात सिझियमचे अणू लेसरच्या उजेडाने थंड करायचे, मग चेंडूसारखे वर उडवायचे, आणि ते खाली पडेपर्यंत त्यांचा ठेका मोजायचा. कारंज्यासारखं वर-खाली होतं म्हणून सगळे त्याला कारंजं म्हणायचे. झालं तर ते आमच्या पाचही डब्यांचा बाप ठरणार होतं.

बाई माझ्याशी फार चांगल्या वागायच्या. मी त्यांच्या खोलीत काम करायला गेलो की, "दादा, तुम्ही बघा काय ते, मी चहा घेऊन येते," असं म्हणून खुशाल निघून जायच्या. लाखमोलाचं सामान उघडं, लेसर चालू, आणि मी एकटा. शंकासुराच्या खोलीत वीस वर्षं जाऊन मला जी किंमत मिळाली नव्हती ती इथे पहिल्या आठवड्यात मिळाली. खरं सांगतो, त्या खोलीचं तापमान मी कामाच्या मानाने जरा जास्तच जपलं.

कारंजं तयार झालं तेव्हा ते कशाशी तरी ताडून बघायला हवं होतं. बाकीची चार घड्याळं रोजच्या वेळेच्या हिशोबात अडकलेली, म्हणून साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, चार नंबर बाईंना नेमून दिलं. घड्याळांच्या खोलीची एक किल्लीही त्यांना मिळाली. शंकासुराच्या मनात त्या दिवशी जी अढी बसली ती काही केल्या सुटेना. त्याची निवृत्ती दीड वर्षावर आलेली होती. आपल्या मागे ही खोली कोणाच्या हाती जाणार, हा एकच घोर त्याला होता, आणि ज्यांच्या हाती जाईल असं दिसत होतं त्यांनाच तो पाण्यात पाहू लागला.

"आठवड्याला एक कागद देतात मला," तो मला म्हणाला. "तयार आकडे. मधले कुठे आहेत? शिजवलेलं ताटात वाढतात, चूल दाखवत नाहीत."

मी म्हटलं, मागा की मधले आकडे. बाई नाही म्हणायच्या नाहीत. तर म्हणाला, मागितले तर मला दाखवण्याजोगे देतील. आता बोला. संशयी माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग त्याने मला ते काम सांगितलं. बाईंच्या रॅकमागे एक मोकळं तोंड होतं. तिथून एक केबल जोडायची, छतावरच्या माझ्या हवेच्या डक्टमधून खाली उतरवायची आणि चार नंबरच्या खालच्या फळीवर ठेवलेल्या त्याच्या जुन्या रेकॉर्डरला लावायची. मग कारंजं काय करतं ते त्याला दिवसरात्र थेट दिसणार, बाईंच्या कागदाची गरजच नाही. त्याचा गुडघा गेलेला, शिडी चढणं त्याला शक्य नव्हतं. मी आधी नाही म्हणालो. दोन दिवस त्याने माझ्याशी अबोला धरला, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या डब्यातली भाजी माझ्यापुढे सरकवली. अठ्ठावीस वर्षांत त्याने कोणाला चमचा चाटू दिला नव्हता. मी विरघळलो. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, बाई कॅन्टीनमध्ये असताना, मी त्यांच्या खोलीत टोक जोडलं, डक्टमधून केबल खाली सोडली आणि घड्याळांच्या खोलीत शिडीवर चढून ओढून घेतली. खालचं काम अठरा मिनिटांत झालं. नोंदवहीत कारण काय लिहायचं म्हणून तो जरा घुटमळला, आणि मग त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं: फिल्टर बदलणे.

तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. पण मला काय त्याचं, असं म्हणून मी जेवायला गेलो.

पुढच्या काही आठवड्यांत वरच्या मजल्यावर आनंदीआनंद झाला. कारंजं आणि चार नंबर जुळत होते. नुसते जुळत नव्हते, हातात हात घालून चालल्यासारखे. आठवडा झाला, महिना झाला, दोन महिने झाले. फरक एका नॅनोसेकंदाच्या पलीकडे जाईना; खाली शंकासुराच्या रेकॉर्डरवरही तेच. साहेबांनी बाईंना बोलावून शाबासकी दिली. महिनाअखेरीस बाहेरचे परीक्षक येणार, समिती बसणार, आणि सगळं ठीक निघालं तर बाईंची नोकरी कायम होणार असं ठरलं. त्यांच्या कराराचा शेवटचा कागदही त्याच महिन्याला संपत होता.

खाली शंकासुराची झोप उडाली.

"माझं चार नंबर इतकं चांगलं नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, म्हातारपणी येतं शहाणपण. तो म्हणाला, घड्याळाला येत नाही. चाळीस नॅनोसेकंद पळणारं घड्याळ एकाएकी नाकासमोर चालायला लागतं, ते कोणी कान धरल्याशिवाय नाही. आणि कान धरायला किल्ली लागते. किल्ली दोघांकडेच. मी धरलेला नाही.

झालं. भूत मानगुटीवर बसलं. बाई खोलीत आल्या की तो कोपऱ्यात उभा राहून त्यांचे हात बघायचा. त्या चार नंबरसमोर वाकल्या तर हा मिनिटं मोजायचा. त्यांनी कागदाची घडी खिशात घातली तर ती कसली घडी असेल यावर माझ्याशी अर्धा तास बोलायचा. मलाही त्याने कामाला लावलं. त्या दार किती वेळा उघडतात ते पंख्याच्या दाबावरून मला कळायचं, ते मी त्याला सांगू लागलो. आणि लाज वाटते सांगायला, पण पंधरा दिवसांत माझीही नजर बिघडली. बाई हसल्या तर मला वाटायचं, का हसल्या? चहा घेऊन येते म्हणाल्या तर वाटायचं, मला इथे एकटं ठेवण्यात ह्यांचा काय डाव? संशय हा खरुजेसारखा, शेजारी बसणाऱ्याला लागतोच.

बाईंना कळत होतंच. एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवून विचारलं, की दादा, खालच्या काकांचं माझ्यावर काही बिनसलंय का? मी खरं ते टाळलं. म्हणालो, त्यांचं सगळ्यांवरच बिनसलेलं असतं.

समितीच्या आदल्या आठवड्यात त्याने साहेबांना पत्र दिलं. दोनच ओळी. चार नंबरच्या घड्याळाला कारंज्याशी जुळवण्यासाठी हात लावला गेला आहे. माझ्याशिवाय किल्ली फक्त बाईंकडे आहे. नाव घेऊन आरोप नाही, पण आंधळ्यालाही दिसावा असा. साहेबांचा चेहरा पडला. बाईंना बोलावून विचारलं गेलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मी हात लावलेला नाही, एवढंच म्हणाल्या, आणि आपल्या सगळ्या वह्या टेबलावर ठेवून निघून आल्या. या धंद्यात एकदा आकडे शिजवल्याचा डाग लागला की संपलं. मग तुम्हाला जगात कुठेही कोणी घड्याळाजवळ उभं करत नाही. हे मला शंकासुरानेच पूर्वी सांगितलेलं होतं, कुठल्याशा दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसाची गोष्ट म्हणून. त्या माणसाने पुढे शिकवण्या घेतल्या.

समिती गुरुवारी होती. सोमवारी सकाळी त्याने मला बोलावलं. समोर नोंदवही उघडी होती. चार नंबर कुठल्या दिवशी सुधारलं ते त्याने आकड्यांवरून शोधून काढलं होतं. तीन महिन्यांपूर्वीची चौदा तारीख, मंगळवार, दुपार. बाई त्या दिवशी आत आल्याची नोंदच नव्हती. त्यामुळे तो हैराण झालेला, आणि हैराण झाला की आरोपी कोण ते ठरलेलंच होतं.

"चौदा तारखेला दुपारी अठरा मिनिटं तू आत काय करत होतास?" त्याने विचारलं. "फिल्टर बदलायला अठरा मिनिटं लागतात?"

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. मग त्याचे डोळे बघितले. केबल कोणत्या तारखेला टाकली ते तो खरंच विसरला होता. वहीत लिहिलेलं ते त्याच्या लेखी खरं, आणि वहीत फिल्टर लिहिलं होतं.

"तुमची केबल टाकत होतो," मी म्हटलं.

तो हळूच उठला, टेबल धरून, आणि चार नंबरच्या खालच्या फळीपाशी वाकला. मीही वाकलो. माझी केबल रेकॉर्डरला लागत होती, आणि जाता जाता चार नंबरच्या पाठीमागच्या तारांना घासून, जवळजवळ वेटोळं घालून जात होती. टोकाला जे पेच लावलेले होते ते स्वस्तातले, त्याच्याच खणातले जुने. त्याने मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. या घड्याळाच्या पोटात एक स्फटिक वाजत असतो आणि अणू त्याला ताळ्यावर ठेवतात. कारंज्याचा सूर केबलमधून गळत होता, त्या म्हाताऱ्या स्फटिकाच्या कानाशी, अखंड. शेजारी कोणी एकसारखं गुणगुणत असलं की आपणही नकळत त्याच सुरात गायला लागतो ना, तसं झालं. चार नंबर कारंज्याशी जुळत नव्हतं, ते कारंज्याच्या मागे ओढलं जात होतं.

बाईंनी हात लावला नव्हता. बाई हात लावतात का हे बघण्यासाठी त्याने जे लावलं होतं त्यानेच हा घोळ घातला होता. आणि दार उघडल्याची, दिवा बदलल्याची, माझ्या शिंकेची सुद्धा नोंद ठेवणाऱ्या माणसाने तेवढी एकच गोष्ट वहीत लिहिली नव्हती. कारण ती चोरून केलेली होती.

त्याने तिथल्या तिथे पेच सोडवला आणि केबलचं टोक हातात घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, अजून कोणाला माहीत नाही. मी डक्टमधून दहा मिनिटांत ओढून काढतो. पत्र मागे घ्या, म्हणावं चूक झाली.

"मग चार नंबर पुन्हा पळायला लागेल," तो म्हणाला. "परीक्षक विचारतील, तीन महिने का पळालं नाही? मी काय सांगू, बाईंनी हात काढला म्हणून?"

त्याने पेन काढलं. 'फिल्टर बदलणे' वर सरळ रेघ मारली. वर लिहिलं: 'केबल टाकणे. या तारखेपासून चार नंबरचे आकडे धरू नयेत. कारण: मी.' आणि सही केली. मी वाचलं, आणि त्यात माझा उल्लेख नाही हे बघून मला हायसं वाटलं. हे मी लपवत नाही. माझ्याही घरी तोंडं होती खाणारी, आणि शाळेत जाणारी दोन मुलं.

गुरुवारी अकरा वाजता समिती बसली. साहेब, बाहेरचे परीक्षक, बाई, शंकासुर, आणि तापमानाबद्दल विचारायचं म्हणून भिंतीलगतच्या खुर्चीवर मी. परीक्षक शांत, बारीक आवाजाचे. शंकासुराने उभं राहून सगळं सांगितलं, वही पुढे ठेवली. केबल काढल्यापासून तीन दिवसांत चार नंबर चार नॅनोसेकंद पळालंय, म्हणजे पूर्वीच्या चालीवर आलंय, तेही सांगितलं. मला वाटलं, सुटले सगळे.

पण परीक्षकही त्याच धंद्यातले. ते म्हणाले, चार नॅनोसेकंद कशानेही पळतील. गेल्या आठवड्यात तुम्ही लिहिलंत की कोणीतरी हात लावला. पत्राचा बोभाटा झाला, बाईंची नोकरी जाते असं दिसलं, आणि आज तुम्ही म्हणता की तो हात तुमचाच. मी यातलं कुठलं धरू?

"आजचं," शंकासुर म्हणाला.

"केबल कोणी टाकली?"

"मी. एकट्याने."

"वरच्या मजल्यावरून, छतातून?"

"हो."

परीक्षकांनी त्याच्या पायांकडे बघितलं. "तुम्ही मघाशी खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी टेबल धरलंत," ते म्हणाले. "आणि शिडीवर चढलात?"

साहेब कागद चाळायला लागले. मला स्पष्ट दिसत होतं काय होतंय ते. परीक्षकांना वाटत होतं, एका मुलीची नोकरी जाते म्हणून म्हाताऱ्याला पाझर फुटलाय आणि तो खोटी कबुली देतोय. त्याच्या कबुलीनेच बाई जास्त अडकत होत्या. अठ्ठावीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा तोंडाने खोटं बोलत होता, ते माझ्यासाठी, आणि पहिल्याच फेरीत पकडला गेला होता. त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर मला इतकं जड गेलं नसतं. बाई मात्र बघत होत्या. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. डक्ट कोणाचा आहे हे त्यांना माहीत होतं.

"शिडीवर मी होतो," मी उठून म्हटलं. "वर जोडली मीच, खाली ओढली मीच. बाई जेवायला गेल्या होत्या."

मग पुढचं सरळ झालं. परीक्षकांनी केबल पुन्हा होती तशी जोडायला लावली, त्यांच्या डोळ्यांसमोर, माझ्याच हातून. खोलीला त्यांचं सील लागलं. दहा दिवस पाळत ठेवली. चार नंबर पुन्हा गुणी बाळासारखं कारंज्याच्या मागे चालायला लागलं. केबल काढली, पुन्हा पळायला लागलं. बाईंवरचा डाग धुतला गेला. कारंजं जितकं वाटलं होतं तितकं अफाट नव्हतं, पण चांगलं होतं, आणि जेवढं चांगलं होतं तेवढं खरं होतं. त्यांची नोकरी कायम झाली. मला कडक मेमो मिळाला, घरच्यांनी महिनाभर तोंडसुख घेतलं. शंकासुराची उरलेली वर्षभराची नोकरी भांडारात गेली, बल्ब आणि कागद मोजण्यात. घड्याळांची खोली बाईंच्या ताब्यात आली.

तो चार्ज द्यायला गेला तेव्हा मी सोबत होतो. पाचही घड्याळांच्या चाली त्याने बाईंना तोंडपाठ सांगितल्या. कोणतं पावसाळी हवेत रेंगाळतं, कोणतं वीज जाऊन आली की दोन दिवस रुसतं. बाई लिहून घेत होत्या. सगळं संपल्यावर त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "तुम्ही मला येऊन विचारलं असतंत तर?"

त्याने आपली किल्ली त्यांच्या वहीवर ठेवली.

"तुम्ही खरं सांगितलं असतंत," तो म्हणाला, "आणि मला पटलं नसतं."

बाईंनी मान हलवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर महिन्याभराने मी घड्याळांच्या खोलीत खराखुरा फिल्टर बदलायला गेलो. बाईंनी वहीत वेळ लिहिली. मी म्हटलं, अर्धा तास लागेल, तुम्ही चहा घेऊन या. त्या म्हणाल्या, नको दादा, मी आहे इथेच. आणि आतल्या दाराला पाठ लावून, हाताची घडी घालून, मी शिडीवरून खाली उतरेपर्यंत उभ्या राहिल्या. नजर माझ्या हातांवर होती, डावा हात कुठे जातो, उजवा कुठे जातो. माझ्या हातून दोनदा पाना सुटला.

संध्याकाळी मी शंकासुराच्या घरी गेलो आणि हे सगळं त्याला सांगितलं. मला वाटलं होतं, खूश होईल. म्हणेल, शाब्बास, आता ती खोली योग्य हातात आहे. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. त्या कुठे उभ्या होत्या, किती वेळ, काय बघत होत्या, ते पुन्हा पुन्हा विचारलं. मग चष्मा काढून हातात धरला.

"आधी अशी नव्हती रे ती," तो म्हणाला.

मी म्हटलं, नव्हती.